सिंगल पडलं होतं

१४ नोव्हेंबर २००२, आर्वी

आज तानबा आला होता, जिवंत असल्याचा फोटो काढायला. नोव्हेंबर लागला की तालुक्यातले सगळे पेन्शनर हयातीच्या दाखल्यासाठी माझ्या स्टुडिओत येतात, भांग पाडतात, पावडर लावतात आणि फोटोत नेमके मेल्यासारखे दिसतात. तानबा त्यातला नाही. हा पिंपळझरी स्टेशनचा पॉईंटमन. सांधे बदलणं, सिग्नल पाडणं, दिवे लावणं यात जन्म गेला. आमची पुलगाव-आर्वी छोटी रेल्वेगाडी बंद पडून वर्षं लोटली, पण गडी अजून स्टेशनामागच्या खोलीत तसाच राहतो. फोटोला बसताना मान अशी ताठ, की वाटावं मोठा साहेब तपासणीला आलाय.

चहा पिताना सहज बोलून गेला की ठेकेदाराची माणसं येऊन सिग्नलच्या खांबांवर चुन्याने आकडे टाकून गेली. संक्रांत झाली की सगळे खांब गॅसने कापून भंगारात जाणार.

तो गेला आणि माझं कामातलं लक्ष उडालं. लहानपणी पुलगावला जाताना ड्रायव्हरच्या आधी मला सिग्नल दिसला पाहिजे अशी माझी पैज असायची. स्वतःशीच. इंजिनच्या धुराने डोळे लाल व्हायचे आणि बाबा थोबाडीत द्यायचे. पंचवीस वर्षं मी नवरदेवांचे फोटो काढतोय, सगळे नवरदेव एकाच साच्यातले. आता हे सिग्नल जाण्याआधी सगळे टिपायचे, पुलगावपासून आर्वीपर्यंत. कुणी सांगितलं नाही, म्हणूनच करायचं.

कांताला सांगितलं. ती म्हणाली, "खांबाचं लगन जमलं काय कोठी?" आमच्या घरात कलेची कदर ही अशी.

१८ नोव्हेंबर

सकाळी लुनावर पिंपळझरीला गेलो. गावाच्या अलीकडे, नाल्याच्या काठाला सिग्नल उभा आहे. लोखंडी जाळीचा उंच खांब, वर लाल हात, हातावर पांढरा पट्टा, मुळाशी दोन काचा. हिरवी फुटली आहे, लाल शाबूत आहे. हात आडवा म्हणजे थांब, खाली पडला म्हणजे ये. इतकी साधी भाषा माणसांची असती तर माझा संसार बराच सोपा झाला असता.

सिग्नलच्या पायथ्याशी यशोदाबाईचं शेत. साठी उलटून गेलेली बाई, नवरा नाही, एकटी भाजीपाला करते. मुलगा धर्मेंद्र नागपूरला कारखान्यात आहे, त्याच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. बाईने मुळा उपटून हातात दिला, वर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडीही दिली, आणि गाडीच्या काळच्या गोष्टी सांगत बसली. त्या वेळी घड्याळ कुणाकडे नव्हतं. सिग्नल पडला की मेथीच्या जुड्या बांधायच्या, टोपली डोक्यावर घ्यायची आणि बांधाबांधाने स्टेशन गाठायचं. गाडी मागून यायचीच. गार्ड म्हणे यशोदाबाई चढल्याशिवाय झेंडी दाखवत नसे. आता काळी-पिवळी जीपवाले टोपलीवाली म्हातारी दिसली की गाडी जोरात काढतात. मग व्यापारी बांधावर येतो आणि म्हणेल त्या भावात उचलून नेतो.

बोलताना तिचे हात थांबत नाहीत. मी काढलेले फोटो मात्र फक्त खांबाचे. माणसांचे फोटो काढून कंटाळलोय.

२७ नोव्हेंबर

वर्ध्याहून प्रिंट आले. निराशा. सगळ्या फोटोंत विजेचे खांब वाटतात. हात आडवेच्या आडवे, मेलेले. कांताने दोन फोटो पाहिले आणि म्हणाली, "याच्यावर कपडे वाळू घालता येते." लागलं मला ते. पण खरं सांगायचं तर बरोबर होतं. पडलेला हात हवा. त्यात जीव असतो. कोणीतरी येतंय असं वाटतं.

१ डिसेंबर

तानबाच्या मागे लागलो. एकदा, फक्त एकदा तो हात पाड. आधी ऐकेना. म्हणाला, बिना गाडीचा सिग्नल त्याने जन्मात पाडला नाही, पाडू नये, पाप असतं. मी म्हटलं, अरे बाबा, संक्रांतीनंतर तो कापणारच आहेत, मरणाऱ्याला शेवटचा घोट पाणी पाज. हे वाक्य मलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं. शेवटी गडी विरघळला. लिव्हरच्या कुलपाची किल्ली अजून त्याच्या करगोट्याला बांधलेली आहे. लिव्हरपासून सिग्नलपर्यंतच्या तारेच्या कप्प्यांना तेल घालून ठेवतो म्हणाला. पण एक अट घातली.

"भाऊ, कोनाले सांगू नका. सरकारी चीज होय. माही पेन्शन जाईन."

मी गळ्याची शपथ घेतली. स्वतःच्याच.

८ डिसेंबर, रविवार

आज पडला!

थंडी अशी की लुनाचं हँडल धरवेना. ठरल्याप्रमाणे मी नाल्यापलीकडे बाभळीच्या आडोशाला मोठी लेन्स लावून बसलो, तानबा तिकडे स्टेशनाजवळ लिव्हरपाशी. मी रुमाल हलवला. आधी काहीच नाही. मग गवतातली तार थरथरली, कप्पे करकरले आणि हात झटक्याने खाली आला. वरचा कावळा उडाला. मी भराभर फोटो घेतले.

तेवढ्यात लेन्समध्ये यशोदाबाई दिसली. मेथीच्या वाफ्यात बसली होती, ती उठून उभी राहिली. मान वर करून पाहत राहिली. मग पदर खोचला, अर्धवट उपटलेली मेथी टोपलीत कोंबली आणि स्टेशनाकडे धावत सुटली. "सिंगल पडलं वं, सिंगल पडलं" असं दूरदूरच्या शेतांतल्या बायांना ओरडत. त्या वयाची बाई अशी धावलेली मी पाहिली नव्हती. बोट दाबलं गेलंच, फोटोग्राफरचं बोट ते. मग घाईने रुमाल हलवला आणि तानबाने हात परत वर घेतला.

मी कॅमेरा पिशवीत घातला, लुना घेऊन स्टेशनावर गेलो. पाच-सहा बाया टोपल्या घेऊन जमल्या होत्या आणि हसत होत्या, कारण हात होता तसा आडवा. यशोदाबाई आपला हात तिरपा करून दाखवत होती, असं पडलं होतं, असं. एकीने म्हटलं, सपन पाह्यलं असन माय. यशोदाबाईने तानबाला विचारलं. तानबाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, काहीच पडलं नाही, गंजलेलं सिंगल कसं पडणार, भास झाला तुले. मग ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, तुमी तं तिकूनच येऊन राह्यले. तुमाले दिसलं काय?"

मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं.

ती सिग्नलकडे बघत राहिली. बाया हसून मोकळ्या झाल्या, विषय संपला. मी शपथ पाळली. फक्त एका गोष्टीचं वाईट वाटतंय. बिचारीला गाडी येईल अशी आशा लागली असेल, आणि ती मी लावली. बाकी फोटो झकास यावेत.

१६ डिसेंबर

रोहण्याकडचे सिग्नल टिपून परत येताना डांबरी रस्त्यावरून पिंपळझरी स्टेशनाकडे नजर गेली आणि मी लुना थांबवली. फलाटावरच्या टिनाच्या शेडमध्ये बाया टोपल्या घेऊन ओळीने बसल्या होत्या. गाडीची वाट पाहत! एका दिवसाच्या गमतीने मी आख्ख्या गावाला नादी लावलं.

जवळ जायची हिंमत झाली नाही. लेन्स लावून पाहिलं. एक काळी-पिवळी थांबली, आतले लोक उतरून बायांकडे गेले. बहुधा टिंगल करायला. एका गुरुजींनी पिशवी पुढे केली, त्यात बाईने काहीतरी टाकलं. लोकांना दयाही येत असेल. बाकीच्या बायांची तोंडं रस्त्याकडे, एकटी यशोदाबाई उलट दिशेला तोंड करून, सिग्नलकडे बघत. हातात तराजू, पण मान वर.

कांताने संध्याकाळी मेथीची भाजी केली होती, दूधवाला हल्ली रोज तिकडून ताजी आणतो म्हणे. मी भाजीला हात लावला नाही.

२२ डिसेंबर

मन खात होतं म्हणून यशोदाबाईच्या शेतावर गेलो. काही बोलायचं असं ठरवलं नव्हतं. म्हटलं, विचारपूस करावी. बाई वाळली आहे. नेहमीच्या गोष्टी नाहीत. मुळाही उपटून दिला नाही. मी थंडीवर बोललो, वांग्यावरच्या किडीवर बोललो, ती हूं हूं करत राहिली. मग एकदम सिग्नलकडे बोट करून म्हणाली, "भाऊ, तिथं कावळा बसला हाये. तुमाले दिसते काय?"

मी म्हटलं, हाव, दिसते ना.

"एकच हाये ना?"

"एकच हाये."

तिचा चेहरा जरा सैल झाला. मग नाल्यापलीकडच्या बैलाबद्दल तसंच विचारलं, पांढराच आहे ना म्हणून. पांढराच होता. म्हातारपणी माणूस लहान मुलासारखं होतं, तसं काहीसं वाटलं. गाडीच्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे आणि वेळ घालवायला कावळे मोजते. परत येताना मला रस्ता धूसर दिसत होता. थंडी डोळ्याला झोंबते.

२९ डिसेंबर, रविवार

आज एक चांगलं काम केलं. भैयाजींच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या किराणा दुकानातून नागपूरला धर्मेंद्रला फोन लावला. नंबर तानबाकडून घेतला होता. तानबा नको म्हणत होता. पण मी म्हटलं, म्हातारी अशी गाडीची वाट पाहत झुरून जाईल, पोराला कळायला पाहिजे.

धर्मेंद्रला सांगितलं की तुझी आई रोज स्टेशनावर जाऊन बसते आणि सिग्नलकडे बघत राहते. तो म्हणाला, "काका, आई म्हनते का सिंगल पडलं होतं. बंद लाईनीचं सिंगल. असं होऊ शकते काय?"

दुकानात गिऱ्हाईक होतं, भैयाजी ऐकत होते, तानबाची शपथ होती. आणि तोंडून निघून गेलं, वय झालं की होतं असं कधी कधी.

फोन ठेवल्यावर भैयाजींनी विचारलं, कोण वारलं काय, तोंड असं काऊन झालं. मी म्हटलं, काही नाही. पण मुलगा आता लक्ष देईल. एकटेपणातून तिची सुटका होईल. हे चांगलंच झालं ना?

५ जानेवारी २००३

धर्मेंद्र स्टुडिओत येऊन गेला. पेढ्याचा पुडा घेऊन. वेळेवर कळवलं म्हणून माझे पाय धरायला वाकला, मी कसाबसा बाजूला झालो. डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं ठरवलंय त्याने. शेत शेजारच्याला देऊन टाकायचं आणि पुढच्या रविवारी आईला नागपूरला न्यायचं, कायमचं. दोन खोल्यांत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. म्हणाला, "काका, आई नाई म्हनतच नाई. म्हनते, ने बापा, माह्यावर माहाच भरोसा राह्यला नाई."

चला, ती तयार आहे तर. पोरगा सोन्यासारखा आहे, सून नीट बघेल. मी स्वतःची समजूत घातली की आता मनावरचा दगड उतरला.

पेढे कांताने वाटून टाकले. मी खाल्ला नाही.

९ जानेवारी

तानबा आला. बसला नाही. चहाला नको म्हणाला. हे याआधी कधी घडलेलं नाही.

म्हणाला, यशोदेने बकरी विकली, वांगी मुळासकट उपटून टाकली. शेजाऱ्याला वाफे मोकळे करून देतेय. मी म्हटलं, मुलाकडे चालली आहे, सुखात राहील. तानबाने माझ्याकडे असं पाहिलं की मी काउंटरवरची फ्रेम पुसायला घेतली.

"तुमाले फोन कराले कोनी सांगतलं होतं?" म्हणाला. "मी भेकड हाव, मले पेन्शनीचं भेव. तुमाले कायचं भेव हाये?"

आणि निघून गेला.

११ जानेवारी

डिसेंबरचा तो रोल एका मुंजीत संपवला होता, त्याचे प्रिंट आज आले. मुंजीचे बाजूला सारले आणि तो फोटो सापडला. आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो, लिहायला संकोच कशाला. खांब किंचित तिरका आलाय, कडेला बाभळीची फांदी घुसली आहे, पण हात पडलेला, कावळा उडालेला, आणि खाली यशोदाबाई पदर खोचून, एक हात वर करून धावतेय. तोंड उघडं. तिची हाक कागदातून ऐकू येईल असं.

मी आनंदाने कांताला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन आली. बघितलं.

"ही कोन?"

"पिंपळझरीची यशोदाबाई."

"जिले भास होते म्हनते, ते?" दूधवाल्याकडून तिने सगळं ऐकलं होतं. ती फोटो उजेडात धरून पाहत राहिली. "सिंगल तं पडलेलं हाये."

"हाव."

"म्हनजे तिनं बराबर पाह्यलं. अन् तुमाले माहीत होतं?"

मी तिला तानबाची शपथ सांगायला लागलो, पेन्शन सांगायला लागलो, गाडीच्या आशेचं सांगायला लागलो. कांता मध्येच म्हणाली, "गाडीचं काय घेऊन बसले? ते बाई सोताले येडी समजून राह्यली."

मग कणीक मळायला गेली. मी खुर्चीत बसून राहिलो. एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी आलं होतं, ते वाट पाहून परत गेलं. कावळा दिसते काय तुमाले. एकच हाये ना. तिने मला ते का विचारलं ते मला आज कळलं. लाज वाटते. एवढी लाज मला पूर्वी कधी वाटल्याचं आठवत नाही.

१२ जानेवारी, रविवार

जमेल तसं लिहितो.

सकाळी पिंपळझरीला पोचलो तेव्हा स्टेशनासमोर धर्मेंद्रने आणलेली जीप उभी. टपावर ट्रंक, गाठोडी. ८ डिसेंबरनंतर पहिल्यांदा मी त्या फलाटाजवळ गेलो, आणि मला काय दिसलं? बाजार! पालक, टमाटे, सांबाराच्या पेंड्या, सगळं पाणी शिंपडून मांडलेलं. जीपमधून उतरलेले लोक पिशव्या भरताहेत, गुरुजी घासाघीस करताहेत. गाडीची वाट तिथे कुणीही पाहत नव्हतं. त्या दिवशी टोपल्या भरून आणल्याच होत्या म्हणून बाया बसल्या, रस्त्यावरच्या जीपा थांबल्या, माल खपला, म्हणून दुसऱ्या दिवशीही बसल्या. एवढंच. महिनाभर मी ज्यासाठी रडत होतो ते कुठे नव्हतंच, आणि जे होतं ते माझ्या डोळ्याला दिसलं नाही.

यशोदाबाई शेवटच्या गिऱ्हाइकाला मोजून देत होती. धर्मेंद्र घाई करत होता. ती म्हणाली, एवढं माप होऊ दे. नवं लुगडं नेसली होती, आणि नजर खाली. सिग्नलकडेही बघत नव्हती आता.

मी पिशवीतून तो फोटो काढून धर्मेंद्रच्या हातात दिला. म्हटलं, सिंगल पडलं होतं. मला फोटो पाहिजे होता म्हणून मीच लिव्हर ओढला आणि पाडलं. तुझ्या आईने बरोबर पाहिलं. मी तिथंच बाभळीमागे होतो. तिने मला विचारलं आणि मी खोटं बोललो. फोनवर तुझ्याशीही खोटं बोललो.

तोवर मागून तानबा आला. "याच्यानं लुना स्टँडवर चढत नाई, हा लिव्हर काय ओढते," म्हणाला. "मी पाडलं. पेन्शन जाते तं जाऊ दे."

धर्मेंद्र एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. यशोदाबाईने तराजू खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि फोटो घेतला. खूप वेळ पाहिला. डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

"म्हनजे पडलतं," म्हणाली.

"हाव, मावशी."

"मी पाह्यलं ते खरं होतं."

"हाव."

मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"महिनाभर, भाऊ," ती म्हणाली, "मी रात्री उठून भिंतीले हात लावून पाहे, भिंत हाये का नाई म्हनून. कोनी हाक मारली तं आधी ओ देत नोती. म्हनलं, खरंच कोनी मारली का माह्याच डोस्क्यात वाजली. तुमी मले सांगतलं असतं तं मीच उभी राह्यली असती तुमच्या फोटोले. काय मोठं मांगत होते तुमी?"

आणि मग ती रडली. पोराच्या लग्नात रडली होती तसं नाही. खाली बसून, पालकाच्या ढिगाऱ्यात, तोंडावर हात न घेता. धर्मेंद्र तिच्याजवळ उकिडवा बसला. म्हणाला, आई, मले वाटलं का तुले... ती म्हणाली, "तुले वाटलं नाई, तुले सांगतलं." तेव्हा कुठे तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लिहू शकत नाही.

बऱ्याच वेळाने जीपवाल्याने विचारलं, निघायचं काय. यशोदाबाईने पदराने नाक पुसलं आणि सांगितलं, ट्रंक उतरव. मग म्हणाली, जीप आलीच आहे तर रिकामी काऊन पाठवतो, या बायांच्या कोबीची पोती आर्वीला पोचवून दे. धर्मेंद्रने स्वतः पोती चढवली. मीही एक धरायला गेलो, त्याने माझ्या हातातून ते काढून घेतलं. रागाने नाही, पण घेतलं.

१३ जानेवारी

कांताने विचारलं, काय म्हनली? मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ताटात तिळाची पोळी वाढली. म्हणाली, तुमी मानूस वाईट नाई, फक्त लेन्सशिवाय पाहत जा जरासं. दुसरं कुणी म्हटलं असतं तर भांडलो असतो.

१७ जानेवारी

यशोदाबाईने दूधवाल्याजवळ निरोप पाठवला: तो फोटो मोठा करून पाठवा, काच लावून. बाकी काही नाही. मी वर्ध्याला स्वतः गेलो. लॅबवाला म्हणाला, बाभळीची फांदी कापून टाकू, खांब सरळ करू. मी म्हटलं, काहीही हलवायचं नाही.

धर्मेंद्र आठवडाभराची सुट्टी काढून राहिलाय, उपटलेल्या वाफ्यांत आईबरोबर नवी रोपं लावतोय. शेत देण्याची बोलणी मोडली. बकरी परत आणायला तो स्वतः गेला होता, विकत घेणाऱ्याने ती देऊन टाकली. हे सगळं मला दूधवाल्याकडून कळतं. मला कोणी सांगायला येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

२१ जानेवारी

आज पिंपळझरीचा सिग्नल कापला.

गॅसवाली माणसं सकाळीच आली होती. मी कॅमेरा घेऊन गेलो, पण बाभळीमागे नाही, सरळ यशोदाबाईच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर. आधी तिला विचारलं, फोटो घेऊ काय. ती म्हणाली, खांबाचे घ्या, माहे नको. मी खांबाचेच घेतले. हात तारेतून सुटून गवतात पडला, मग खांब वाकला आणि नाल्याच्या अंगाला आडवा झाला. तानबा आला नव्हता, खोलीचं दार लावून बसला होता. यशोदाबाई धुऱ्यावर फार वेळ थांबली नाही, फलाटावर गिऱ्हाईक होतं.

दुपारी ती माणसं पाणी प्यायला फलाटावर आली. शेडच्या खांबाला, तराजूच्या वर, तो फोटो तारेने बांधलेला आहे. आल्यागेल्या सगळ्यांना दिसेल असा. कापणाऱ्यांपैकी एकाने पाण्याचा लोटा खाली ठेवून तो निरखून बघितला आणि विचारलं, "बाई, हे आमी कापलं तेच होय ना? अन् हे धावून राह्यली ते कोन?"

यशोदाबाई टमाट्यावर पाणी शिंपडत होती. "हे मी," म्हणाली. "गावात कोनाले नाई दिसलं. मी एकटीनं पाह्यलं होतं."

मी तिच्या शेजारीच उभा होतो. माझं नाव तिने घेतलं नाही.